कळफलकाची नोंदवही : टंकलेखनाचा सराव वाचण्याचा एक पाठ

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून निवासी विद्यालयात येणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांची संगणकाशी पहिली ओळख विद्यालयाच्या संगणक कक्षातच होते. या ओळखीचा पुढे पोटापाण्यासाठी उपयोग करून देणारे जे थोडे दाखले आहेत, त्यांत टंकलेखनाचे प्रमाणपत्र हा जुना आणि आजही खणखणीत वाजणारा दाखला होय. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे, ही संस्था शासकीय संगणक टंकलेखन प्रमाणपत्र परीक्षा घेते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या भाषांत मिनिटाला ३० शब्द व ४० शब्द असे तिचे टप्पे आहेत. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत किमान ३० किंवा इंग्रजीत किमान ४० शब्दांच्या वेगाचे प्रमाणपत्र मागितले जाते. २६ शब्दांवर अडकलेला विद्यार्थी आणि ३० शब्द गाठलेला विद्यार्थी यांच्यात अंतर चारच शब्दांचे. परंतु एकाचा अर्ज पुढे जातो आणि दुसऱ्याचा दारातच थांबतो.

हे चार शब्द कोठे सांडतात, हा आमच्या लेखाचा विषय आहे. सरावाचे सॉफ्टवेअर अखेरीस वेग आणि चुका एवढे दोनच आकडे दाखवते. पडद्यावर उमटलेला मजकूर तर त्याहून मुका. 'श' हे अक्षर कोणत्या हाताने, किती चाचपडून, किती वेळा खोडून उमटले, यातले काहीही तो सांगत नाही. तालुक्याच्या गावी रेमिंग्टन किंवा गोदरेजच्या यंत्रांवर टंकलेखन शिकवणाऱ्या जुन्या शिक्षकांना हे कळत असे, कारण यंत्राला आवाज होता. खोलीच्या दाराशी उभे राहून, पाठ वळवूनही, कोणत्या बाकावरची लय तुटली हे ते ओळखत. गोदरेजने भारतात पहिले टंकलेखन यंत्र तयार केले १९५५ साली. पुढे दोन पिढ्या या आवाजावर शिकल्या. आजचा कळफलक जवळजवळ निःशब्द आहे. मात्र संगणक प्रत्येक कळदाबाची वेळ ठेवू शकतो, आणि ती नोंद वाचायला शिकलो तर शिक्षकाचा तो कान बऱ्याच अंशी परत मिळतो.

दौंड जंक्शनच्या मुलांना नोंदवही म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. पुणे–सोलापूर मार्गावरील या स्थानकातून मनमाडचा आणि बारामतीचा फाटा निघतो. कोणती गाडी किती वाजता आली व किती वाजता सुटली, याची नोंद होत राहते. नोंद करणारा प्रवाशांची नावे लिहीत नाही. गाडी, वेळ आणि आली की गेली, एवढेच लिहितो. कळफलकाची नोंद नेमकी अशीच असते.

लिनक्स प्रणालीच्या संगणकावर कळफलक किंवा माउस यांच्याकडून येणारी प्रत्येक घटना एका ठरावीक मापाच्या नोंदीत बसवलेली असते. ६४-बिट संगणकावर ही नोंद २४ बाइटची. पहिले ८ बाइट सेकंदांचे, पुढचे ८ मायक्रोसेकंदांचे, नंतर २ बाइट घटनेच्या प्रकाराचे, २ बाइट क्रमांकाचे आणि शेवटचे ४ बाइट स्थितीचे. प्रकार १ म्हणजे कळ. प्रकार २ म्हणजे माउसची सापेक्ष हालचाल. प्रकार ० म्हणजे 'एवढ्या नोंदींचा एक गट पुरा झाला' अशी खूण. प्रकार ४ मध्ये कळफलकाचा स्वतःचा अंतर्गत संकेत येतो; आपल्या कामाला तो लागत नाही. कळेच्या बाबतीत स्थिती १ असेल तर कळ दाबली, ० असेल तर सोडली, आणि २ असेल तर दाबून धरल्यामुळे ती आपोआप पुन्हा उमटत आहे, असा अर्थ होतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. क्रमांक हा अक्षराचा नसून जागेचा असतो. मधल्या ओळीतील डावीकडून पहिल्या अक्षर-कळेचा क्रमांक ३०, तिच्या शेजारची ३१, मग ३२, ३३ असे ते चालतात. तीच कळ इंग्रजीत एक अक्षर देते, इनस्क्रिप्ट मांडणीत दुसरे आणि रेमिंग्टन मांडणीत तिसरे. नोंदवहीला भाषा ठाऊक नसते. भाषा आपण तिच्यात घालायची असते, आणि त्यासाठी 'या क्रमांकाला हे अक्षर' असा तक्ता स्क्रिप्टजवळ असावा लागतो. इनस्क्रिप्ट ही मांडणी भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात आहे आणि भारतीय लिपींच्या संगणकीकरणाचे मोठे काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेत झाले आहे. म्हणून आम्ही उदाहरणे इनस्क्रिप्टचीच घेत आहोत.

'दौंड' लिहायचे झाल्यास कळा चार : द साठी २४, औकाराच्या मात्रेसाठी १६, अनुस्वारासाठी ४५ आणि ड साठी २६. शिफ्टची गरज नाही. 'शिरूर' त्या मानाने अवघड. श हा स च्या कळेवर शिफ्टसह आहे. म्हणून आधी डावी शिफ्ट ४२, तिच्याबरोबर ५०, मग ऱ्हस्व वेलांटी ३३, र साठी ३६, दीर्घ ऊकार २० आणि पुन्हा ३६. वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी दिसत असली तरी इनस्क्रिप्टमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर टंकायची असते. रेमिंग्टनवर शिकलेला हात ती आधी टंकतो. एकाच शब्दाची नोंद या दोन मांडण्यांत वेगळी दिसण्याचे हे एक कारण. आपला विद्यार्थी कोणत्या मांडणीवर लिहीत होता हे फाइलीच्या नावातच लिहून ठेवावे, नाहीतर पुढचे सारे वाचन फुकट जाते.

'विद्यार्थी' हा शब्द आणखी बोलका आहे. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. हाताला मात्र दहा कळा दाबाव्या लागतात : ४८, ३३, २४, ३२, ५३, १८, ३६, ३२, ३८, १९, शिवाय थ साठी शिफ्ट वेगळी. यात ३२ हा क्रमांक दोनदा आला आहे, तो हलन्त चिन्हाचा. र्थ मधला रफार डोक्यावर दिसतो, पण टंकताना र आधी, हलन्त नंतर आणि थ शेवटी. मराठी टंकलेखनाचा वेग इंग्रजीपेक्षा कमी का धरतात, असे मुले विचारतात. त्याचे बरेचसे उत्तर या एका शब्दात आहे.

आता 'शिरूर' या शब्दाची एक नमुना नोंद पाहू. वाचकांच्या सोयीसाठी आम्ही ती दशांश सेकंदांत मांडली आहे आणि फक्त प्रकार १ च्या घटना ठेवल्या आहेत. रकाने अनुक्रमे वेळ, क्रमांक आणि स्थिती यांचे आहेत.

०.००० — ४२ — १
०.११० — ५० — १
०.१९५ — ५० — ०
०.२४० — ४२ — ०
०.५१० — ३३ — १
०.५९० — ३३ — ०
०.८८० — ३६ — १
०.९४५ — ३६ — ०
१.९३० — २० — १
२.०१० — २० — ०
२.३१० — ३६ — १
२.३८० — ३६ — ०

ही नोंद वाचण्यापूर्वी मोजपट्टी हवी. टंकलेखनात पाच कळदाबांचा एक शब्द धरण्याची रूढी आहे. मिनिटाला ३० शब्द म्हणजे १५० कळदाब. ६० सेकंदांना १५० ने भागले की ०.४ सेकंद येतात. अर्थात एका दाबापासून पुढच्या दाबापर्यंत सरासरी ४०० मिलिसेकंदांची मुभा आहे. नमुन्यातील अक्षर-कळांची अंतरे काढली तर ती ४००, ३७०, १०५० आणि ३८० अशी भरतात. तीन ठिकाणी हात वेगात आहे. र नंतर, ऊकारापूर्वी, तो एक सेकंदाहून अधिक थबकला आहे.

का थबकला? येथे शिक्षकाने घाई करू नये. दीर्घ ऊकाराची कळ वरच्या ओळीत आहे. डाव्या तर्जनीला ती सापडली नसेल. किंवा कळ ठाऊक असूनही 'शिरुर' की 'शिरूर' असा प्रश्न मनात उभा राहिला असेल. शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, हा नियम पाठ नसलेला विद्यार्थी अशाच जागी थांबतो. पहिल्या कारणावर उपाय बोटांचा सराव, दुसऱ्यावर उपाय शुद्धलेखनाचा तास. दोन्ही कारणांची नोंद एकसारखीच दिसते. म्हणून हीच कळ 'तू', 'पूर्ण' अशा शंका नसलेल्या शब्दांत त्याच विद्यार्थ्याने किती वेळात दाबली, ते पाहावे. तेथे ती झटकन येत असेल तर दोष बोटाचा नाही. एका नोंदीवरून निदान करणारा शिक्षक आणि नाडीला हात न लावता औषध देणारा वैद्य यांत आम्हाला फारसा फरक वाटत नाही.

याच नोंदीतील दुसरी गोष्ट शिफ्टची. ५० ही कळ उजव्या हाताची आहे, म्हणून तिच्यासाठी शिफ्ट डाव्या हाताने, म्हणजे ४२, दाबली पाहिजे. नमुन्यात ती तशी आहे. परंतु ४२ च्या जागी ५४ आला तर? ५४ ही उजवी शिफ्ट. पडद्यावर तरीही 'श' च उमटेल, एकही चूक मोजली जाणार नाही, आणि उजवा हात मात्र प्रत्येक श, ख, थ, ध, भ यांच्या वेळी आपली जागा सोडून आखडत राहील. मराठीत शिफ्टवरची अशी अक्षरे पावलोपावली येतात. टंकलेखनाचा वेग २५–२६ शब्दांवर गोठण्याच्या कारणांत आम्ही या सवयीला वरचे स्थान देतो. मजकूर कितीही वेळा तपासला तरी ती सापडणार नाही. नोंदवहीत ती पहिल्या मिनिटाला सापडते.

एवढे वाचन हाताने करणे शक्य नाही, म्हणून स्क्रिप्ट. बहुतेक कळफलकांवर एका दाबासाठी तीन नोंदी पडतात : अंतर्गत संकेत, कळ आणि गटसमाप्ती. सोडण्यासाठी आणखी तीन. म्हणजे एका कळेला १४४ बाइट. दहा मिनिटांत १५०० कळदाब झाले तर २,१६,००० बाइट आणि ९००० नोंदी. संगणकाला हे काहीच नाही. माणसाचे डोळे मात्र पांढरे होतील.

स्क्रिप्टसाठी पायथन भाषा पुरेशी आहे. ती फाइल उघडते आणि एका वेळी २४ बाइट उचलते. शेवटच्या खेपेला २४ पेक्षा कमी बाइट हाती आले तर नोंद अर्धवट तुटली असे समजून तेथेच थांबते. वीज गेल्यावर अशा फाइली हमखास मिळतात. उचललेल्या बाइटचे पाच भाग पाडले की सेकंद, मायक्रोसेकंद, प्रकार, क्रमांक आणि स्थिती हाती येतात. देणगीत मिळालेल्या जुन्या ३२-बिट संगणकांवर हीच नोंद १६ बाइटची असते. तेथे २४ चे माप लावले तर एकही ओळ धड निघत नाही आणि विद्यार्थी स्क्रिप्टलाच दोष देत बसतो. आधी फाइलीच्या एकूण आकाराला माप लावून बाकी शून्य उरते का ते पाहावे, आणि मग पहिल्या दोन-चार नोंदींतील वेळ चालू वर्षाची दिसते का तेही पाहावे.

पुढे स्क्रिप्टने एक छोटी आठवण सांभाळायची असते : आत्ता कोणत्या कळा दाबलेल्या अवस्थेत आहेत? स्थिती १ आली की ती कळ वेळेसह या आठवणीत जाते. ० आली की बाहेर निघते आणि दोन वेळांची वजाबाकी म्हणजे कळ किती काळ दाबली ते मिळते. स्थिती २ कडे दुर्लक्ष करायचे. कळ साधारण पाव सेकंदाहून अधिक दाबून धरली की या २ च्या नोंदी सुरू होतात, आणि त्यांना दाब समजून मोजणारी स्क्रिप्ट सुस्त विद्यार्थ्याला कक्षातील सर्वांत वेगवान ठरवते! शिफ्टचा दाब मोजायचा की नाही, हेही आधीच ठरवावे आणि मग सर्वांना तोच नियम लावावा.

नवख्यांना एक गोष्ट नेहमी बुचकळ्यात टाकते. पहिली कळ सुटण्यापूर्वीच दुसरी दाबली गेल्याच्या नोंदी सापडतात. ३६ ची स्थिती १, लगेच १८ ची स्थिती १, आणि त्यानंतर ३६ ची स्थिती ०. हा बिघाड नव्हे. दोन हात आलटून पालटून चालणाऱ्या कुशल टंकलेखकाची ही खूण आहे. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा बहुतांशी डाव्या हाताखाली, व्यंजने उजव्या हाताखाली आहेत. 'रा' लिहिताना उजवे बोट उठण्याआधी डावे खाली येते. अशा आच्छादनांची संख्या महिन्यागणिक वाढत असेल तर विद्यार्थी शिकत आहे असे खुशाल समजावे, मग त्याचा वेग त्या आठवड्यात वाढलेला असो वा नसो.

वेग वाढत नसतानाही शिक्षण चालू असते, हे काही आमचेच म्हणणे नाही. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या दोन अभ्यासकांनी १८९७ व १८९९ साली तारायंत्र चालवणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकाऊ तारबाबूंची प्रगती काही आठवडे एकाच पातळीवर थांबल्यासारखी दिसे आणि मग पुन्हा उसळी घेई. सुटी अक्षरे ऐकण्याची सवय मोडून अखंड शब्द ऐकण्याची सवय त्या थांबलेल्या काळात लागत असते, असा त्यांनी अर्थ लावला. मराठी टंकलेखनात हा बदल नोंदीत चक्क दिसतो. आरंभी 'विद्यार्थी'च्या दहाही कळांमधील अंतरे सारखी मोठी असतात. पुढे द, हलन्त, य, काना या चार कळा एका झपाट्यात येऊ लागतात आणि अंतर फक्त शब्दाच्या आरंभी उरते. हात 'द्या' शिकला, असे तेव्हा म्हणावे.

यासाठी स्क्रिप्टने जोड्यांची वही ठेवावी. २४ नंतर ३२, ३२ नंतर ५३, अशा प्रत्येक जोडीला किती वेळ लागला ते एकाखाली एक लिहीत जावे आणि शेवटी प्रत्येक जोडीचा मध्यक काढावा. सरासरी काढू नये. मधेच जेवणाची घंटा झाली आणि विद्यार्थी उठून गेला, तर वीस मिनिटांचे एक अंतर सगळी सरासरी बुडवते. मध्यकाला त्याचा धक्का बसत नाही. संगणकाचे घड्याळ मधेच दुरुस्त झाले तर एखादे अंतर ऋणही येते. अशी अंतरे गाळावीत, पण किती गाळली ते निकालाखाली लिहावे. सर्वांत मंद दहा जोड्या हाती आल्या की दुसऱ्या दिवशीचा सराव तयार झाला : त्याच जोड्या असलेले वीस शब्द निवडून द्यावेत. पूर्ण उतारा पुन्हा पुन्हा टंकत बसण्यापेक्षा हा मार्ग आम्हाला अधिक सरळ वाटतो.

मागे खोडण्याच्या कळेचा क्रमांक १४. तिच्याकडे बघताना किती वेळा दाबली यापेक्षा किती उशिरा दाबली हे पाहावे. चुकीच्या कळेनंतर लगेच १४ आला तर बोटाला चूक कळली; पाचसहा कळांनंतर आला तर डोळ्याला कळली, म्हणजे विद्यार्थी पडद्याकडे पाहत आहे आणि मूळ उताऱ्याकडे नाही.

माउसच्या नोंदींबाबत थोडक्यात सांगतो. त्या संख्येने प्रचंड असतात. साधा यूएसबी माउस हालचाल चालू असताना दर ८ मिलिसेकंदांना, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा, आपली हालचाल कळवतो. प्रत्येक नोंदीत आडवे किंवा उभे किती सरकलो एवढेच असते. पडद्यावर बाण नेमका कोठे होता हे त्यात नसते. गटसमाप्तीच्या खुणेपर्यंतच्या नोंदी एकत्र करून बेरजा घ्याव्यात. टंकलेखनाच्या कामापुरते पाहायचे ते इतकेच की हात कळफलक सोडून माउसकडे किती वेळा गेला. डाव्या बटणाचा क्रमांक २७२. कार्ड, मोरान आणि नेवेल यांनी १९८० साली मांडलेल्या हिशेबात हात कळफलकावरून माउसवर नेण्यास ०.४ सेकंद आणि बाण नेमक्या जागी नेण्यास १.१ सेकंद धरले आहेत. जाणे, नेम धरणे आणि परत येणे मिळून १.९ सेकंद होतात; बटणाचा दाब धरला की जवळजवळ दोन सेकंद. ४०० मिलिसेकंदांच्या मोजपट्टीने हे पाच कळदाब झाले. माउसने केलेली प्रत्येक दुरुस्ती एक शब्द खाते, हे विद्यार्थ्याला त्याच्याच नोंदीवरून दाखवता येते.

इथवर वाचून एखाद्या उत्साही विद्यार्थ्याला वाटेल की कक्षातील सर्व संगणकांवर ही नोंद कायमची चालू ठेवावी. आम्ही याला स्पष्ट नकार देतो, आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे अगत्याचे आहे.

सरावाची नोंद आणि चोरून ऐकणे यांत यंत्राच्या दृष्टीने फरक नाही. त्याच २४ बाइटच्या नोंदींतून 'शिरूर' निघते तसा कुणाचा पासवर्डही निघतो, घरी पाठवलेले पत्रही निघते. पडद्यावर पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात. नोंदवहीत ठिपके नसतात. म्हणूनच लिनक्समध्ये ही नोंद वाचण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्याला दिलेला नसतो. क्रमांक पुसून केवळ वेळा ठेवल्या तरी धोका पुरता टळत नाही. पासवर्ड टंकताना कळांमध्ये पडणाऱ्या अंतरांवरूनच तो ओळखण्याचे काम बरेच सोपे होते, हे बर्कले येथील संशोधकांनी २००१ साली दाखवले आहे.

हा विषय आपल्या परिसराला परका नाही. कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यातच आहे. तेथे १ जानेवारी २०१८ रोजी झालेल्या हिंसाचारानंतर पुण्यात एल्गार परिषदेच्या संदर्भात जो गुन्हा नोंदला गेला, त्या खटल्यात संगणकांतून मिळालेल्या फाइलींना पुरावा म्हणून मोठे स्थान आहे. आरोपींपैकी रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने बचाव पक्षाच्या विनंतीवरून तपासली. नेटवायर नावाची, दुरून ताबा घेणारी आज्ञावली त्या संगणकावर घुसवली गेली होती आणि आरोपाशी संबंधित पत्रे तिच्या साहाय्याने बाहेरून ठेवली गेली, असे तिच्या फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. राष्ट्रीय तपास यंत्रणेने या अहवालावर विसंबण्यास न्यायालयात हरकत घेतली. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. त्यावर मत देण्यासाठी हा लेख नाही. अभ्यासक म्हणून आम्ही एवढेच पाहतो की नेटवायर दाबलेल्या कळा फाइलीत साठवते, कोणत्या खिडकीत त्या दाबल्या हेही लिहिते, आणि ती फाइल साध्या फेरफाराने झाकून ठेवते. तपासणाऱ्याला ती उलगडण्यासाठी आपल्यासारखीच एक स्क्रिप्ट लागते. कळफलकाची नोंद वाचणे हे माणसाच्या स्वातंत्र्याशी निगडित काम होऊ शकते. एका क्रमांकाचा चुकीचा अर्थ लावला तर वर्गात एक शब्द चुकतो. न्यायालयात काय चुकेल, याचा विचार वाचकांनी करावा.

खाजगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या अधिकाराचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३, हा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आळा घालतो. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती सूट आहे हे खरे. पण निवासी शाळेत मूल दिवसरात्र आपल्याच छताखाली असते, घरचा आडोसा त्याला नसतो. म्हणून सूट असली तरी ती कमीत कमी वापरावी, असे आमचे मत आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा. नोंद फक्त सरावाच्या तासाला, विद्यार्थ्याला आणि पालकांना सांगून, दिलेला छापील उतारा टंकतानाच चालू करावी. त्या वेळी संगणक इंटरनेटपासून तोडलेला असावा आणि कोणतेही खाते उघडलेले नसावे. नोंद सुरू असल्याची सूचना पडद्यावर सतत दिसत राहावी. तास संपताच स्क्रिप्टने जोड्यांचे मध्यक आणि शिफ्टच्या चुका एवढेच काढून घ्यावे आणि मूळ फाइल विद्यार्थ्याच्या समोर पुसावी. मध्यकांवर नावाऐवजी विद्यार्थ्याने स्वतः निवडलेली खूण असावी. आणि स्क्रिप्ट विद्यार्थ्यांनीच लिहावी. आपल्या हाताची नोंद आपणच वाचली की तिची भीतीही जाते आणि तिचा गैरवापर कसा होतो हेही समजते.

सरावासाठी दोन नोंदी देतो. केवळ दाबांचे क्रमांक आहेत, सोडल्याच्या वेळा गाळल्या आहेत, मांडणी इनस्क्रिप्ट. कळफलकाचा तक्ता समोर ठेवून वाचाव्यात.

पहिली : ४२, २१, १९, ४६, १८.
दुसरी : ५४, २३, ३०, २६, ४७, २४, १९.

दोन्ही नावे पाण्याची आहेत. एक दौंडजवळून वाहते, दुसरी शिरूरजवळून. दोहोंपैकी एका नोंदीत पडद्यावर न दिसणारी एक चूक आहे. ती कोणत्या हाताची आहे, आणि तोच हात पुढच्या कळेवर किती उशिरा पोहोचेल, हे वर्गात येऊन सांगावे.